जांग योंग-शिलचं पुढे झालं काय? मोडलेला मेणा, पाणघड्याळ आणि तीन नोंदी

रात्रपाळी (धागाकर्ता)

जांग योंग-शिल हा पंधराव्या शतकातला, कोरियाच्या राजा सेजोंगच्या दरबारचा यंत्रकार. त्याच्यावरची कोरियन वाहिनी केबीएसची 2016 ची 'जांग योंग-शिल' ही मालिका (24 भाग, सोंग इल-गुक मुख्य भूमिकेत, राजा सेजोंग झालाय किम सांग-ग्योंग) बघून झाली की सगळे एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: या माणसाचं शेवटी झालं काय? शेवटच्या भागांत काय दाखवलंय ते इथे लिहू नका, बरेच जण अजून मधल्या भागांवर आहेत. आपण इतिहासात काय आहे तेवढं बोलू.

इतिहासात आहे ते फार थोडं. कोरियाच्या जोसॉन घराण्याच्या दरबारी रोजनिशीवजा बखरीत, म्हणजे शिल्लोकमध्ये, 1442 सालच्या तीन नोंदी आहेत (महिने चांद्र):

तिसरा महिना, 16 तारीख. देहोगुन हुद्द्यावरच्या जांग योंग-शिलच्या देखरेखीखाली राजाचा मेणा (आन्यो) बनत होता. काम पक्कं नव्हतं, मेणा मोडला. त्याला चौकशीसाठी उइगुम्बूच्या, म्हणजे राजद्रोहासारखे गुन्हे हाताळणाऱ्या खात्याच्या, ताब्यात दिलं.

चौथा महिना, 27 तारीख. खात्याचा अहवाल: कायद्याप्रमाणे जांगला 100 फटके. इम ह्यो-दोन आणि छ्वे ह्यो-नाम या दोन कनिष्ठांनी लोखंडी जोडकाम कच्चं ठेवलं, त्यांना 80. जो सुन-सेंग नावाच्या अधिकाऱ्याने कच्ची जागा बघूनही 'मोडणार नाही' असं जांगला सांगितलं, त्यालाही 80. राजाने जांगची शिक्षा दोन पायऱ्यांनी उतरवली, दोघा कनिष्ठांची एका पायरीने, आणि जो सुन-सेंगला सोडून दिलं.

पाचवा महिना, 3 तारीख. ह्वांग हुई आदी मंत्र्यांचं मत पडलं की हा राजाच्या अनादराचा गुन्हा आहे, तेव्हा हुद्द्याच्या सनदा काढून घ्याव्यात आणि फटके द्यावेत. राजाने मान्य केलं.

बस्स. यानंतर जांगचं नाव कुठल्याच नोंदीत नाही. मृत्यूचं सालही नाही. आसानला त्याच्या नावाची समाधी आहे, पण ती रिकामी, स्मारक म्हणून बांधलेली.

जुनी_वही

चांगली सुरुवात. दोन गोष्टींची भर घालतो.

एक, फटक्यांचा हिशेब. जोसॉनमध्ये मिंग चीनचा कायदा चालायचा. त्यात जाड काठीचे फटके 60 ते 100, दहा-दहाच्या पायऱ्यांनी. म्हणजे 'दोन पायऱ्या कमी' झाल्यावर जांगच्या वाट्याला 80 आले, कनिष्ठांच्या वाट्याला 70. 80 फटके ही काही सूट नव्हे, त्यात माणूस कायमचा अधू होऊ शकतो. तेव्हा मालिकांमध्ये दाखवतात तसा 'राजाने हात सोडला' हा आरोप जितका खोटा, तितकंच 'राजाने वाचवलं' हेही खोटं.

दोन, कलम कुठलं लागलं. त्याच कायद्यात राजाच्या औषधात चूक करणारा वैद्य, राजाला वर्ज्य पदार्थ रांधून घालणारा आचारी आणि राजाची नाव कच्ची बांधणारा कारागीर, तिघांनाही 100 फटके आहेत. हेतू काय होता हे विचारलंच जात नाही. त्यामुळे जांगवर कुणी मुद्दाम खार खाऊन जबर कलम लावलं असं म्हणायला जागा नाही. राजाच्या देहाशी संबंध आलेली वस्तू मोडली की दर ठरलेला.

आणि हो, राजा त्या वेळी मेण्यात बसला होता असं नोंदीत कुठेही नाही. पावसात मेणा कोसळतोय आणि आत राजा, हे 2019 च्या सिनेमाने रंगवलेलं दृश्य. दृश्य म्हणून झकास.

खुंटी_बिजागरी

मेणा 'मोडतो' म्हणजे काय मोडतं, यावर कुणीच लिहीत नाही, म्हणून लिहितो. कोरियन मेण्याचा नेमका आराखडा माझ्यासमोर नाही, पण खांद्यावरून वाहायच्या कुठल्याही लाकडी सांगाड्याला लागू पडेल असं सांगतो.

भार दोन ठिकाणी एकवटतो: दांडी जिथे बैठकीच्या चौकटीला मिळते तो सांधा, आणि दांडीचा मधला भाग. स्थिर उभा असताना भार समजा 200 किलो असेल, तर भोयांची पावलं चुकली, एक बाजू अचानक खाली आली की त्याच सांध्यावर क्षणभर दुप्पट येतो. म्हणून लाकूड दुपटी-तिपटीच्या हिशेबाने घ्यावं लागतं. शोभेसाठी दांडी बारीक आणि कोरीव केली की नेमकी ताणाची जागाच पोखरली जाते.

दुसरी गोम ओल्या लाकडात. पुरतं न वाळलेलं लाकूड खाचेत ठोकून बसवलं, तर बनवताना सांधा घट्ट वाटतो. चार-सहा महिन्यांत कूस आकसते आणि तोच सांधा खुळखुळतो. मग सगळा भार लोखंडी पट्टीवर आणि खिळ्यांवर जातो. कनिष्ठांना शिक्षा कशासाठी झाली बघा: लोखंडी जोडकामासाठी. म्हणजे नोंदीत बोट लोखंडाकडे दाखवलं गेलंय.

तपासणी करणाऱ्याने कच्ची जागा पाहिली आणि 'चालेल' म्हटलं, ही मला त्या तीन नोंदींतली सगळ्यात ओळखीची ओळ वाटते. कुठल्याही कारखान्यात जा.

शेवगा

तरी 'चालेल' म्हणणारा सुटला आणि ज्याला सांगितलं त्याला फटके. :(

रात्रपाळी (धागाकर्ता)

आता तर्कांकडे. पडद्यावर आणि कोरियन गप्पांत साधारण तीन फिरतात.

पहिला, मिंग चीनचा. आकाश बघणं आणि पंचांग करणं हा चीनच्या सम्राटाचा अधिकार. मांडलिक राजाने स्वतःची वेधशाळा चालवणं म्हणजे आगळीक. तेव्हा चिनी वकिलांच्या (राजदूतांच्या) नजरेतून कर्ता माणूस दूर करायला हा मेण्याचा बनाव रचला.

दुसरा, कोरियन हांगुल लिपीचा. ती 1443 च्या शेवटी तयार झाली, म्हणजे या घटनेनंतर जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांनी. तिच्यावरचं लक्ष उडवायला जांगचा बळी.

तिसरा, खानदानी दरबाऱ्यांनी गणिकेच्या मुलाचा, म्हणजे जांगचा, काटा काढला.

जुनी_वही

पहिल्याला थोडा तरी आधार आहे. 1434 मध्ये ग्योंगबोक राजवाड्यात ग्योंगहोएरू मंडपाच्या उत्तरेला गानुइदे हा वेधाचा चौथरा उभा राहिला. 31 छोक (कोरियन फूट) उंच, 47 लांब, 32 रुंद. मेण्याच्या घटनेनंतर वर्षाच्या आतच सेजोंगने तो हलवायला काढला. मंत्र्यांनी विरोध केला तेव्हा 1443 च्या पहिल्या महिन्यात त्याने दिलेलं उत्तर नोंदलेलं आहे: हा चौथरा ग्योंगहोएरूला लागून आहे, चिनी वकिलांच्या नजरेस पडता कामा नये, म्हणून उत्तरेला नेतोय. (चिनी वकिलांच्या मेजवान्या त्याच मंडपात व्हायच्या.)

म्हणजे भीती खरी होती. पण तिथून 'म्हणून जांगला लपवलं' इथवर उडी मारायला मध्ये एकही दगड नाही. चौथऱ्यामागचं गणित करणारा यी सुन-जी आणि बांधकाम बघणारा यी छॉन हे दोघेही नंतर सुखाने नोकरीत होते. लपवायचंच तर त्यांनाही लपवायला हवं होतं.

दुसऱ्या तर्काला आधार शून्य. लिपीच्या कामात जांगचा हात असल्याची एक ओळ नाही.

तिसरा अर्धा खरा. जन्मावरून विरोध झाला होता, पण तो वीस वर्षं आधी. 1422-23 च्या सुमारास सेजोंगला त्याला राजवस्त्रं आणि राजाच्या वस्तू सांभाळणाऱ्या सांगुइवॉन खात्यात नेमायचं होतं. हो जो हा मंत्री म्हणाला, गणिकेच्या मुलाला तिथे नेमता येत नाही. दुसरा मंत्री जो माल-सेंग म्हणाला, असलाच माणूस तिथे लागतो. मत फुटलं, राजा थांबला, पुन्हा इतरांना विचारलं आणि मग नेमलं. हे सगळं 1433 मध्ये सेजोंगनेच ह्वांग हुईला सांगितलेलं आहे, जांगला होगुन हुद्दा द्यायचा विषय निघाला तेव्हा. त्या वेळी ह्वांग हुईने उलट दाखला दिला की प्योंगयांगच्या सरकारी गुलामाला केवळ अंगबळावर होगुन केलं होतं, मग याला का नको. तोच ह्वांग हुई नऊ वर्षांनी सनदा काढून घ्या म्हणणाऱ्यांत. यात वैर शोधू नका. दोन्ही वेळा तो नियमाने बोलतोय.

शेवगा

वडील चीनचे होते हे खरं का? मालिकेत चुलतभाऊ वगैरे बरंच खानदान दिसतं.

जुनी_वही

राजाच्या तोंडचं वाक्य असं की वडील युआन चीनच्या सूचौ-हांगचौ भागातले, आई गणिका. आसान जांग घराण्याची वंशावळ मात्र मूळपुरुष कितीतरी आधी सोंग चीनमधून कोरियात आल्याचं सांगते. दोन्ही एकत्र बसवायचा खटाटोप लोक करतात. मी राजाचं वाक्य धरतो, कारण ते तो हयात असताना, त्याला ओळखणाऱ्याने म्हटलंय. आई गणिका, तेव्हा मुलगा जन्मतः सरकारी गुलाम, यात वाद नाही. मालिकेतला चुलतभाऊ हुई-जे आणि राजकन्या सोह्योन ही दोन्ही पात्रं कथेसाठी घडवलेली.

टिपकागद

मेण्यावरून पुढे सरका हो. ज्याच्यासाठी तो मोठा झाला ते जाग्योंगनू, स्वतः ठोके देणारं पाणघड्याळ, मालिकेत भराभर उरकलंय. गोट्या घरंगळतात, बाहुली घंटा मारते, लोक आ वासतात. मधलं काय?

पाणलोट

मधलं सांगतो, मजा तिथेच आहे.

1434 च्या सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून हे घड्याळ देशाची प्रमाणवेळ झालं. मांडणी अशी: वर पाणी पुरवणारी भांडी, एकाखाली एक. खाली दोन उंच नळकांडी, आलटून पालटून वापरायची. नळकांड्यात तरंगता ठोकळा, त्यावर उभी पट्टी. पाणी चढलं की पट्टी वर सरकते. इथपर्यंत चीनमध्येही होतं, त्यात नवल नाही. फरक पुढे.

पट्टीच्या वाटेत डावीकडे 12 भोकांची तांब्याची फळी, दर भोकात बंदुकीच्या गोळीएवढी तांब्याची गोटी. उजवीकडे 25 भोकांची फळी. डावीकडच्या 12 गोट्या दिवसाच्या 12 जोडतासांसाठी (त्यांचा एक तास म्हणजे आपले दोन). उजवीकडच्या 25 रात्रीसाठी: पाच ग्योंग, दर ग्योंगचे पाच जोम.

1. पट्टीचं टोक भोकाच्या झडपेला खालून उचलतं. गोटी सुटते.
2. गोटी उतरत्या पन्हळीतून जाऊन एका पळीसारख्या तरफेवर पडते.
3. तरफ कलली की अंड्याएवढा लोखंडी गोळा सुटतो.
4. गोळा पडताना दुसरी तरफ दाबतो, बाहुलीचा हात ओढला जातो, ठोका पडतो. जोडतासाला घंटा, ग्योंगला नगारा, जोमला थाळी (गाँग).
5. तोच गोळा पुढे घरंगळून तासाची पाटी धरलेली बाहुली वर उचलतो.

कळीची पायरी तिसरी. तरंगत्या ठोकळ्यात घंटा वाजवण्याइतकं बळ नाही. त्याच्याकडून फक्त झडप उघडून घ्यायची आणि काम करायचं गोळ्याच्या वजनाकडून. विजेच्या रिलेत बारीक प्रवाह मोठा प्रवाह सोडतो, तेच तत्त्व, इथे वजनाचं. गोळे दर दिवशी माणसाने परत वर भरायचे, हे मालिकेत दिसत नाही.

रात्रीचा भाग जास्त किचकट. ग्योंगची लांबी ऋतूप्रमाणे बदलते. सोलमध्ये हिवाळ्यात रात्र साडेचौदा तासांच्या आसपास, उन्हाळ्यात सव्वानऊ. पाणी मात्र एकाच वेगाने चढणार. म्हणून वेगवेगळ्या अंतरांच्या पट्ट्या ठेवून ऋतूनुसार बदलत.

टिपकागद

वरची भांडी इतकी कशाला? एक मोठी टाकी पुरली असती की.

पाणलोट

नाही पुरत. भोकातून येणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाने बदलतो. टाकीत 40 सेंमी पाणी असताना जो वेग, तो 10 सेंमी उरल्यावर अर्धा. एकाच टाकीवर घड्याळ चालवलं तर सकाळचा तास आखूड आणि रात्रीचा लांब. वरच्या भांड्याने खालच्याला सतत भरत ठेवलं की सर्वांत खालच्या भांड्यातली उंची जवळजवळ हलत नाही.

आकडे बघा. आज उरलेली भांडी 1536 च्या दुसऱ्या घड्याळाची आहेत. उंच नळकांडी 199 सेंमी, व्यास 37. आडवा छेद साधारण 1,075 चौ. सेंमी. दर सेकंदाला 2 घनसेंमी पाणी सोडलं तर जोडतासाला साडेतेरा सेंमी चढतं आणि 24 तासांत 160. नळकांड्याची उंची त्याच हिशेबात बसते. (हे गणित माझं, बाहेरचा व्यास धरून, तेव्हा थोडं इकडे-तिकडे.) साडेतेरा सेंमीत दोन तास, म्हणजे पट्टीवर एक मिलिमीटरची चूक झाली तर वेळेत जेमतेम 53 सेकंदांची. नळकांडं उंच का, त्याचं उत्तर हेच.

आपलं घटिकापात्र नेमकं उलट्या अंगाने जातं: तळाला भोक असलेली वाटी घंगाळात सोडायची, 24 मिनिटांत बुडते, पुन्हा सोडायची. तिथे पाणी चढण्याची भानगड नाही, पण दर 24 मिनिटांनी डोळ्यात तेल घालून बसलेला माणूस हवा. सेजोंगला नेमका तोच माणूस काढायचा होता. वेळ सांगणारा चुकला की त्याला जबर शिक्षा व्हायची, म्हणून लाकडी बाहुल्यांकडून वेळ सांगवली, असं कारण खुद्द दरबारी नोंदीत आहे.

शेवगा

म्हणजे पहारेकऱ्याचे फटके वाचवले आणि स्वतः खाल्ले.

लाकडी_चमचा

शाळेच्या प्रदर्शनासाठी छोटं करता येईल का? साहित्य आणि मापं हवीत, नुसतं तत्त्व नको.

पाणलोट

येईल. आठ तास चालणारं, दर तासाला एक ठोका देणारं सांगतो.

नळकांडं: 110 मिमीचा पीव्हीसी पाइप, 1 मीटर, तळाला टोपण सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवून. आतला व्यास साधारण 104 मिमी, छेद 85 चौ. सेंमी. तासाला 10 सेंमी चढवायचं तर 850 घनसेंमी, म्हणजे मिनिटाला सुमारे 14.

वरची बाजू: 20 लिटरचा पाण्याचा जार, त्याखाली 5 लिटरचा डबा. डब्याच्या तळाच्या भोकापासून 20 सेंमी उंचीवर कडेला जाड भोक पाडून तिथून जादा पाणी बादलीत सोडा. जारची तोटी मिनिटाला 18-20 घनसेंमीवर ठेवा, म्हणजे डबा नेहमी काठोकाठ वाहता राहतो आणि उंची 20 सेंमीच राहते.

तळाचं भोक: 1 मिमी जाड पितळी पत्र्यात 0.5 मिमीच्या ड्रिलने. 20 सेंमी उंचीला साधारण 14-15 घनसेंमी येतं. सलाइनचा सेट लावायचा मोह होईल, लावू नका. एक तर चिमटा लावलेली नळी हळूहळू सैलावते आणि वेग बदलतो. दुसरं, लांब बारीक नळीत पाण्याचा चिकटपणा आडवा येतो. 5 अंशांचं पाणी 30 अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट चिकट असतं, त्यामुळे थंडीतल्या सकाळी नळीचं घड्याळ रखडतं. पातळ पत्र्यातल्या भोकाला ते फारसं जाणवत नाही.

तरंगता ठोकळा: थर्माकोलची 9 सेंमी व्यासाची, 4 सेंमी जाड चकती, वर अॅल्युमिनियमची हलकी पट्टी, 50 ग्रॅमच्या आत. पट्टी वर सरकताना कलू नये म्हणून दोन ठिकाणी कड्या.

गोट्या: छोट्या म्हणून सायकलचे पाव इंची छर्रे, वजन 1 ग्रॅम. मोठे म्हणून 25 मिमीचे पोलादी गोळे, 64 ग्रॅमचे. 1 ग्रॅमने 64 ग्रॅम सोडायचेत, तेव्हा गोळा उताराच्या काठावर अगदी टेकलेला हवा. पन्हळीला 5 अंशांचा उतार पुरे. 30 सेंमीवरून पडलेला गोळा सायकलची घंटी सहज वाजवतो.

लाकडी_चमचा

ठोका उशिरा पडतोय असं झालं तर?

पाणलोट

पडणारच थोडा उशिरा. झडप उचलायला समजा 20 ग्रॅमचा जोर लागतो. चकतीचा छेद 64 चौ. सेंमी, म्हणजे तेवढा जोर यायला ती 3 मिमी जास्त बुडायला हवी. तोवर पट्टी अडून राहते. मात्र चकती अडली की येणारं पाणी फक्त कडेच्या फटीत चढतं, आणि फट आहे 21 चौ. सेंमीचीच. म्हणून 3 मिमी अर्ध्या मिनिटात भरतात. चकती बारीक घेतली तर फट रुंदावते, वर तेवढ्याच जोरासाठी चकतीला बुडायचंही जास्त, आणि उशीर वाढतो. घासणार नाही इतपत मोठी चकती घ्या.

दर वेळी तेवढाच उशीर असेल तर झडप सुमारे 1 मिमी खाली आणा, प्रश्न मिटला. कधी अर्धा मिनिट, कधी तीन मिनिटं असं होत असेल तर घर्षण आहे: कड्या तपासा, छर्रे गंजलेत का बघा. आणि दुपारनंतर अख्खं घड्याळच मागे पडलं तर 0.5 चं भोक तुंबलंय. डब्यावर दुहेरी मलमल बांधा, पाणी आदल्या रात्री निवळून घ्या.

मुरमाड

पर्जन्यमापकाचं लिहा कुणीतरी. जांगचं नाव निघालं की 'पर्जन्यमापकाचा जनक' हे पालुपद असतंच.

जुनी_वही

ते नोंदीत बसत नाही. 1441 च्या चौथ्या महिन्यातली नोंद युवराजाची (पुढे राजा मुनजोंग) आहे: पाऊस जमिनीत किती मुरला हे खणून बघायचे, ते नेमकं कळेना, म्हणून त्याने तांब्याचं भांडं ठेवून त्यात साठलेलं पाणी मोजलं. आठव्या महिन्यात महसूल खात्याने लोखंडी भांड्याचा प्रस्ताव दिला, 2 छोक खोल आणि 8 छोन (छोन म्हणजे छोकचा दहावा भाग) रुंद. 1442 च्या पाचव्या महिन्यात 'छुगुगी' हे नाव आणि नवं माप ठरलं: दीड छोक खोल, 7 छोन रुंद. म्हणजे साधारण 31 सेंमी आणि साडेचौदा. पाऊस कधी लागला, कधी थांबला आणि किती, हे प्रांतांनी कळवायचं. यात कुठेही जांग नाही. शिवाय पाचव्या महिन्याची 3 तारीख आठवा: नाव पडलं त्याच महिन्यात त्याच्या सनदा गेल्या. कोरियात 19 मे हा 'शोध दिन' पाळतात तो युवराजाच्या त्या नोंदीवरून.

भांडं दगडी चौथऱ्यावर ठेवायचे, ते जमिनीवरचे शिंतोडे आत उडू नयेत म्हणून. आजही गच्चीवर कठड्याला चिकटून पर्जन्यमापक ठेवणाऱ्यांनी एवढं तरी उचलावं.

मुरमाड

भांड्याने पाऊस मोजणं आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे, कोठाराच्या दारात अरत्नीभर (हातभर) तोंडाचं कुंड. प्रदेशवार पाऊस द्रोणांत दिलाय, आणि अपरान्तापाशी, म्हणजे कोकणापाशी, लेखकाने हात टेकून 'अमित' लिहिलंय. :)

खुंटी_बिजागरी

आंगबुइल्गू राहिलं, ते कढईसारखं सूर्यघड्याळ. 1434 च्या दहाव्या महिन्यात ह्येजोंग पुलाशी आणि जोंगम्यो या राजपूर्वजांच्या देवळासमोर रस्त्यावर बसवलं, निरक्षरांना कळावं म्हणून तासांच्या जागी बारा प्राण्यांची चित्रं. हे करायला जाग्योंगनूपेक्षा सोपं. पुण्यासाठी मापं देतो.

शाळेतला 30 सेंमीचा प्लास्टिकचा पृथ्वीगोल विषुववृत्तावर उघडून अर्धा घ्या. कढई चालत नाही, ती खरा अर्धगोल नसते. काठ समपातळीत आणायला आत काठोकाठ पाणी भरून बघा. दक्षिण काठापासून आतल्या पृष्ठावर 4.8 सेंमी खाली भोक पाडा (पुण्याचे अक्षांश 18.5. सोलला हेच अंतर 9.8 येतं). त्यात सुई अशी बसवा की टोक बरोबर काठाच्या पातळीच्या मध्यबिंदूवर येईल. टोक इकडे-तिकडे झालं तर सगळंच चुकतं, कारण सावली टोकाचीच वाचायची. सुईच्या बुडाला ध्रुव धरून त्यापासून 90 अंशांवर मधली रेघ काढा, म्हणजे पृष्ठावरून 23.6 सेंमी. तिच्यावर दर 3.93 सेंमीला एक तास. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना 6.1 सेंमीवर दोन अयनांच्या रेघा. मूळ घड्याळात अशा एकूण 13 रेघा आहेत, 24 ऋतुखुणांसाठी. दोन टोकं सोडली तर प्रत्येक रेघ वर्षातून दोनदा लागते, म्हणून 13.

सोलमध्ये दुपारची सावली कायम तळाच्या उत्तरेला. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ती तळ ओलांडून दक्षिणेला जाते. 13 मेच्या सुमारास, शून्य सावलीच्या दिवशी, 12 वाजून 31 मिनिटांनी सुईच्या टोकाची सावली भांड्याच्या नेमक्या तळाशी पडायला हवी. बसवणी बरोबर आहे की नाही याची यापेक्षा सोपी चाचणी नाही.

टिपकागद

12:31 का? 12 का नाही?

खुंटी_बिजागरी

आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, पुणे 73.85 वर. फरक 8.65 अंश, दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 35 मिनिटं मिळवायची. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आणि आस कललेला, त्याने वर्षभर थोडं मागेपुढे: मेच्या मध्यात सुमारे 4 मिनिटं वजा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 वजा, फेब्रुवारीच्या मध्यात 14 अधिक. सोलचं दुखणं तेच: शहर 127 वर, वेळ 135 ची, फरक 32 मिनिटं. तिथे राजवाड्यात आंगबुइल्गूसमोर उभे राहून 'चुकीचं दाखवतंय' म्हणणारे पर्यटक रोज असतात.

रात्रपाळी (धागाकर्ता)

मालिकेतल्या सामानाबद्दल एक बारीक गोष्ट. सेजोंगच्या काळी दिवसाचे 100 गाक होते, एक गाक 14.4 मिनिटांचा. 1653 मध्ये पंचांग बदललं आणि 96 झाले. आज संग्रहालयांत दिसणारी बहुतेक आंगबुइल्गू नंतरची, 96 वाली आहेत. पडद्यावर एखादं भांडं जवळून दाखवलं की जोडतासातल्या रेघा मोजा.

शेवगा

मोजल्या. आठ.

रात्रपाळी (धागाकर्ता)

बारा आठे 96, मग दोनशे वर्षं पुढचं भांडं. :)

टिपकागद

आणि मूळ जाग्योंगनूचं काय झालं? करणारा गेल्यावर?

पाणलोट

1455 मध्ये त्याचं स्वयंचलित ठोके देणं बंद पडलं. दुरुस्त करू शकेल असं कुणी उरलं नव्हतं. पाणी चढत राहिलं, पट्टी बघून माणूस नगारा वाजवू लागला. 1469 मध्ये पुन्हा चालू केलं, 1536 मध्ये नवं बांधलं. आज त्याची भांडी आहेत, गोट्यांची यंत्रणा नाही. सोलच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात 2007 मध्ये जे चालू झालं ते प्रा. नाम मून-ह्योन यांच्या पुढाकाराने जुन्या वर्णनावरून पुन्हा बांधलेलं. त्याच्यासमोर उभे राहिलात तर बाहुलीकडे बघू नका, ठोक्याआधी आतून गोटी पन्हळीत सुटल्याचा आवाज येतो का ते ऐका.